मालक कोण?

ऑफिसात त्यांना सगळे मालक म्हणत. नव्याने आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस वाटे, कंपनी यांचीच. तिसऱ्या दिवशी मालक कॉफीच्या मशीनसमोर कप घेऊन रांगेत दिसत, चौथ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज वरून नामंजूर होऊन येई, आणि मग तो नवा माणूस शेजाऱ्याला हळूच विचारे, की हे नक्की कशाचे मालक? शेजारी सांगे, कशाचेच नाहीत.

तेही खोटं नव्हतं. राहता फ्लॅट बायकोच्या नावावर होता, कारण तो घ्यायच्या वेळी मालक बाहेरगावी होते आणि सही करायला तीच हजर होती. गाडी बायकोच्या ड्रायव्हिंग स्कूलची. तिच्यात डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि मालक गाडी चालवत असले की तो ब्रेक वरचेवर लागे. लॅपटॉप कंपनीचा, फोन कंपनीचा. स्वतःचे म्हणावेत असे त्यांच्याकडे चौदा स्क्रू ड्रायव्हर होते आणि त्यांतला एकही वेळेला सापडत नसे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्याने केली त्याने मालकांना कुठेतरी पाहिलं असावं.

नाव पडलं ते त्यांच्या एका प्रश्नावरून. मालकांचं काम इमेज बांधण्याचं. इमेज म्हणजे चित्र नव्हे. एखादं सॉफ्टवेअर आणि त्याला चालायला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं, झाकण लावायचं, आणि तो डबा कुठल्याही मशीनवर नेऊन उघडला तरी आतलं सॉफ्टवेअर तसंच चाललं पाहिजे. डब्याला म्हणतात कंटेनर आणि भरून ठेवलेल्या साच्याला इमेज. ऐकायला सोपं आहे. पण निम्म्या वेळा डबा उघडला की आतून एकच उत्तर येई: परमिशन डिनाइड. परवानगी नाही. कुणाला नाही, कशाची नाही, कुणी नाकारली, हे सांगायची त्या मशीनला सवय नसते. या बाबतीत ते अगदी सरकारी आहे.

मग ज्याचं काम अडलंय तो मालकांच्या टेबलाशी येई. मालक चष्मा वर करत, खुर्ची मागे रेलत (घरच्या खुर्चीप्रमाणे तिच्याही पाठीचा एक स्क्रू कायम ढिला, त्यामुळे ती जरा जास्तच रेले) आणि विचारत, “मालक कोण?”

कारण रोग बहुतेक वेळा तिथेच असे. डबा भरताना सगळं काम रूट करतो. रूट म्हणजे मशीनमधला सर्वाधिकारी, त्याला कुणी अडवत नाही. तो फोल्डर बनवतो, फाइली रचतो आणि काम संपलं की निघून जातो. मग रोजच्या कामाला येतो एक साधा वापरकर्ता, बिनहुद्द्याचा. तो बिचारा फाइलीला हात लावतो, आणि फाइल म्हणते, मी रूटची. सामान सगळं याच्यासाठीच आणलेलं, पण नावावर याच्या काहीच नाही. मालक सांगत, सामान ठेवतानाच ज्याचं त्याच्या नावावर करा. एका ओळीचं काम आहे.

पण लोकांना ती एक ओळ नको असे. त्यांना हवं असे सातशे सत्त्याहत्तर. हा आकडा म्हणजे कुलूपच काढून टाकणं. कुणीही या, वाचा, लिहा, पुसा. एरर जाते, काम सुरू होतं, आणि माणूस वेळेवर घरी जातो. मालकांना हा आकडा दिसला की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं म्हणून ते सुरुवात करत आणि शेवट ठरलेला असे: “जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नसतं.” हे वाक्य ऑफिसात इतक्यांदा ऐकलं गेलं होतं, की लोक त्यांच्या पाठीमागे ओठ हलवून ते त्यांच्याबरोबर म्हणत.

अशा या मालकांच्या घरी तीन महिन्यांपासून त्यांचे बाबा राहत होते.

बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. बस दुरुस्तीच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं टूलरूम, म्हणजे अवजारांची खोली, सांभाळली होती. आई गेल्यावरही ते स्वतःच्या घरात एकटेच राहत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एके सकाळी जिन्यात त्यांना चक्कर आली आणि ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडले. मनगट मोडलं. खालच्या बाई बाजारातून परत येईपर्यंत चाळीस मिनिटं ते तिथेच पडून होते, आणि त्या चाळीस मिनिटांत त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती; लोक झोपलेले असतील, म्हणाले. डॉक्टरांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, की हात जुळेल, पण चक्कर पुन्हा येणार, आणि पुढच्या वेळी डोकं आपटलं तर मी काही करू शकणार नाही. यांना एकटं ठेवू नका.

म्हणून बाबा आले. एक बॅग आणि एक पत्र्याचा डबा, एवढं सामान घेऊन. मालकांची मुलगी शिकायला बाहेर होती, तिची खोली बाबांना दिली. तिच्या भिंतीवर तिचे गिटारवाले, तिच्या कपाटात तिचे कपडे. बाबांनी कपाट उघडलं नाही. तीन महिने ते बॅगेतून कपडे काढत आणि धुऊन आले की घडी करून बॅगेत ठेवत.

आणि ते विचारत. प्रत्येक गोष्ट विचारत. पंखा एकवर करू का? हा पेपर तुमचा वाचून झाला का? फ्रिजमधलं दूध घेतलं तर चालेल का? मालकांना ते ऐकवत नसे. लहानपणी ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने घर सरळ बसायचं, तो आता संडासाचा दिवा लावू का म्हणून विचारतो. मालक दर वेळी म्हणत, “बाबा, विचारता काय? सगळं तुमचंच आहे.” बाबा मान डोलावत आणि पुढची गोष्ट पुन्हा विचारून करत.

मालकांनी हा प्रश्न त्यांच्या पद्धतीने हातात घेतला, म्हणजे परवानग्या वाढवल्या. पाय वर करणारी भली मोठी खुर्ची आणली. बाबा तिच्या कडेवर बसत, बँकेत मॅनेजरसमोर बसावं तसे. टीव्हीचा दुसरा रिमोट आणला. घराची किल्ली चांगल्या रिंगमध्ये घालून हातात दिली. बाबा फिरून आले की ती दाराजवळच्या खिळ्याला लावून ठेवत. शेवटी मालकांनी फ्रिजवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: कशालाही विचारायची गरज नाही. बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, “हे मलाही लागू आहे का?”

मग गुरुवारी सकाळी बाबांनी सांगितलं, की हात आता बरा झाला, रविवारी मी माझ्या घरी जातो. चार वाजताची टॅक्सी त्यांनी स्वतः फोन करून ठरवली होती. या घरात विचारल्याशिवाय केलेली ती त्यांची पहिलीच गोष्ट. मालकांनी डॉक्टरांचं सांगून पाहिलं, जिन्याचं सांगून पाहिलं, आवाज चढवून पाहिला आणि उतरवूनही पाहिला. बाबा म्हणाले, तुमचं सगळं फार चांगलं आहे, पण मी जातो. आतल्या खोलीत मालक बायकोला म्हणाले, की ते पुन्हा पडले आणि या वेळी बाजारातून कुणी लवकर परत आलं नाही तर? बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी मालकांचं काम घरून असे, आणि हा शुक्रवार सरळ जाणार नव्हता. रक्त तपासणाऱ्या एका लॅबला सोमवारी नवी इमेज द्यायची होती. मशीनने रक्त तपासायचं, सॉफ्टवेअरने रिपोर्ट बनवायचा आणि बाहेरच्या एका फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचा. पायाची इमेज, म्हणजे जिच्यावर बाकी सगळं रचायचं ती, जुनी झाली म्हणून नवी घेतली, बाकी एक अक्षर बदललं नाही, आणि तरी रिपोर्ट ठेवायला गेलं की परमिशन डिनाइड. फोनवर घाईकर होते. घाईकर हे त्यांचं आडनाव नव्हे, स्वभाव. त्यांचं म्हणणं एकच, सातशे सत्त्याहत्तर मारू आणि सुटू.

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट आहेत ते,” मालक म्हणाले. “सगळ्यांना सगळं उघडं केलं म्हणजे काम झालं असं नाही. ज्याला काम करायचंय त्याला त्याची एक जागा द्या, त्याच्या नावावर करून द्या. जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नसतं.”

शिकाऊ बाईंचा सकाळचा धडा संपवून मालकांची बायको नुकतीच घरात शिरली होती. चपला काढता काढता तिने हे ऐकलं आणि ती दारात थांबली. फोन खाली ठेवल्यावर तिने विचारलं, की हे घाईकरांना फुकट सांगता की पगारात धरलेलं आहे? मालकांनी विचारलं, का? ती म्हणाली, काही नाही, लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी काहीतरी म्हण आहे, पुढची ओळ आठवत नाही, आणि आत गेली. मालकांच्या डोक्यात रक्ताचे रिपोर्ट होते. त्यांना वाटलं, गाडी चालवायला शिकवून शिकवून ती दमली असेल.

पण घोडं कुठे पेंड खातंय ते मालकांनाही कळेना. इमेज कशी बांधायची याची लेखी कृती त्यांनी स्वतः सहा वर्षांपूर्वी लिहिलेली. ‘कामगार’ नावाचा एक वापरकर्ता बनव, सगळं त्याच्या नावावर कर, सगळं काम त्याच्याकडून करून घे. बाहेरचा रिपोर्टांचा फोल्डरही कामगाराचाच. बारा वेळा वाचलं, कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. इमेज बांधायला दर वेळी अकरा मिनिटं लागत. मालकांनी चार वेळा बांधली. चारही वेळा तेच उत्तर आलं, आणि पाचव्यांदा बांधायच्या ऐवजी त्यांनी टेबलावर हात आपटला तेव्हा घरच्या खुर्चीचा तो ढिला स्क्रू पडून कपाटाखाली गेला.

आवाज ऐकून बाबा दारात आले. आत येऊ का, म्हणाले. काय झालं, असंही त्यांनी विचारलं, पण तुला वेळ असेल तर, असं पुढे जोडून. मालकांना वेळ नव्हता. पण दोन दिवसांनी हा माणूस जाणार, या विचाराने त्यांनी खुर्ची वळवली आणि सगळं सांगितलं: कामगार आहे, फोल्डर कामगाराचा आहे, तरी कामगाराला फोल्डर उघडत नाही.

बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या कामगाराचा नंबर काय?”

मालक म्हणाले, नंबर मशीन आपोआप देतं, त्याचा काही संबंध नाही.

“आणि फोल्डरवर काय लिहिलंय? नाव का नंबर?”

मालकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण फोल्डरवर कधीच नाव नसतं. मशीन फक्त नंबर ओळखतं. नावं असतात ती माणसांच्या समाधानासाठी. ही गोष्ट मालकांनी निदान शंभर लोकांना शिकवली होती, त्यांतल्या काहींना दोनदा. त्यांनी वळून मशीनला नंबर विचारला. कामगार: एक हजार एक. फोल्डर: एक हजार.

ज्यांनी ती नवी पायाची इमेज तयार केली होती, त्यांनी तिच्यात आधीच स्वतःचा एक वापरकर्ता एक हजार नंबरवर बसवून ठेवला होता. कामगार आला, आपली जागा भरलेली बघून मुकाट पुढच्या नंबरवर बसला, आणि कुणाला काही बोलला नाही. तेव्हापासून बिचारा स्वतःच्याच फोल्डरसमोर उभा होता. मालकांनी दोन ओळी लिहिल्या. एका ओळीने त्या बसलेल्याला काढलं, दुसरीने कामगाराला त्याचा जुना नंबर लेखी दिला. अकरा मिनिटांनी रिपोर्ट जाऊन फोल्डरमध्ये पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सहा वर्षांचा अनुभव गुंडाळून ठेवावा असं मालकांना वाटलं.

बाबा मात्र खुशीत होते. एका नावाचे आमच्याकडे तिघे होते, ते सांगू लागले. तीन महिन्यांत त्यांनी सलग पाच वाक्यं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. टूलरूमला खिडकी एकच. कामगाराने यायचं, आपला पितळी बिल्ला द्यायचा, अवजार घ्यायचं. अवजाराच्या जागी खुंटीला तो बिल्ला लटकायचा. संध्याकाळी अवजार परत आलं की बिल्ला परत. बिल्ल्यावर नाव नसे, नुसता नंबर. “नावाला मी कधी अवजार दिलं नाही. साहेब आला तरी नाही. बिल्ला नाही, तर खिडकीशी गर्दी करू नका म्हणायचो.” छत्तीस वर्षांत एक पाना हरवला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग ते उठले, दाराशी गेले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “दार लावून घेऊ का?”

“बाबा, विचारता काय? सगळं तुमचंच—” मालक म्हणाले, आणि अडकले.

बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, “थांबलात का? पुढचं म्हणा की. सकाळी छान म्हणत होता.”

मालकांनी पुढचं मनातच म्हटलं: जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नसतं. सातशे सत्त्याहत्तर. तीन महिने ते स्वतःच्या बापाला सातशे सत्त्याहत्तर देत होते. फ्रिजवर तर लेखी लावलं होतं.

बाबांनी दाराच्या मुठीवरचा हात काढला नाही. ते म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही रे. तू सगळं उघडं ठेवलंस माझ्यासाठी, मला दिसतं ते. पण माझा इथे बिल्ला नाही. बिल्ला नसलेल्या माणसाने खिडकीशी किती दिवस उभं राहायचं?”

मालकांना काहीतरी बोलायचं होतं, पण ते परमिशन मागणाऱ्या त्या कामगारासारखे नुसते बघत राहिले, आणि बाबा दार लावून गेले.

शनिवारी सकाळी मालक सात वाजताच उठून स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत शिरले. ती खोली म्हणजे मालकांच्या कर्तृत्वाचं संग्रहालय होतं. अर्धवट उघडलेले तीन पंखे, बिनदांड्याची हातोडी, वायरींची एक गुंतवळ, आणि चौदापैकी नऊ स्क्रू ड्रायव्हर. ही खोली बाबांना द्यायची, हे त्यांनी रात्री पडल्या पडल्या ठरवलं होतं. इथे फळी लावू, इथे खुंट्या, इथे प्रत्येक खुंटीखाली नावाची पट्टी. बाजारातून खुंट्याही त्यांच्या मनातल्या मनात आणून झाल्या होत्या. कागदावर नकाशा काढून ते कामाला लागणार, तेवढ्यात बायको दारात आली.

तिने नकाशा बघितला. “फळी तुम्ही लावणार, खुंट्या तुम्ही मारणार, पट्ट्यांवर अक्षर तुमचं. मग त्यांचं काय?”

मालक म्हणाले, सगळं तयार करून त्यांच्या हातात देऊ.

“म्हणजे पुन्हा तुमच्या त्या रूटसारखं. सगळं रचून जायचं आणि म्हणायचं, घ्या, वापरा.”

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि मालकांचा समज असा, की आपण कामाचं बोलतो तेव्हा ही ऐकत नाही. त्यांनी नकाशाचा कागद घडी करून खिशात घातला.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला फार जड गेलं. पंखे बाहेर काढले, खोली रिकामी केली, अवजारांचा ढीग मध्यभागी तसाच ठेवला आणि दाराची किल्ली रिंगमधून सोडवून बाबांच्या हातात दिली. म्हणाले, एकच किल्ली आहे. या खोलीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला अवजारं नीट ठेवता येत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

बाबा म्हणाले, मी उद्या जाणार आहे.

हो, मालक म्हणाले, पण आज आहात.

बाबांनी किल्लीकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. बिनदांड्याची हातोडी उचलली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही नाराजी उमटली, की मालकांना आठवीच्या निकालाचा दिवस आठवला. “ही काय अवस्था केलीस?” बाबा म्हणाले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. लावू का, असं विचारलं नाही.

दिवसभर आतून आवाज येत राहिले. ठोकण्याचे, घासण्याचे, मधूनच काही न आवडल्यासारखं पुटपुटण्याचे. मालक बाहेर पेपर धरून बसले होते, आणि तो उलटा आहे हे बायकोने त्यांना अकरा वाजता दाखवून दिलं. मालक विचारत राहिले, मोडलेल्या हाताने एवढं ठोकावं का, फळी वाकडी लागली तर, एक डोकावून बघू का? ती म्हणाली, डोकावून बघा, मग मी ब्रेक लावीन. दुपारी बाबा एकदा बाहेर आले, कॅलेंडरमागच्या जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून घेऊन गेले. संध्याकाळी जेवायला आले तेव्हा नखांत काळं होतं आणि भूक लागलेली दिसली. रविवारबद्दल मात्र चकार शब्द नाही. मालकांनी हळूच मुलीच्या खोलीत नजर टाकली. बॅग भरलेली, चेन लावलेली, पलंगाच्या पायथ्याशी.

रविवारी सकाळपासून मालकांचं लक्ष घड्याळाकडे. दहा वाजले, बॅग तिथेच. एक वाजला, बॅग तिथेच. बाबा जेवून पुन्हा अडगळीच्या खोलीत गेले होते. ती आता अडगळीची म्हणावी की काय, ते कुणी ठरवलं नव्हतं. तीन वाजता मालकांनी स्वतःशी कबूल केलं, की उपाय लागू पडला नाही. एका दिवसात तीन महिने पुसले जात नाहीत. आता टॅक्सी आली की बॅग उचलायची, सोबत जायचं, जिना चढताना मागे राहायचं, आणि मग रोज सकाळी फोन करायचा आणि तो उचलला जाईपर्यंत श्वास धरायचा. हे सगळं डोक्यात घोळत असताना हातांना काहीतरी काम हवं, म्हणून त्यांनी कपाटाखालचा खुर्चीचा स्क्रू शोधून काढला आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला ते मागे गेले.

दार अर्धं उघडं होतं. मालक आत गेले आणि थांबले. भिंतीवर फळी होती. फळीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली पेन्सिलीने त्या त्या अवजाराचा आकार काढलेला, म्हणजे जागा रिकामी असली तरी काय गेलंय ते दिसावं. पक्कड, करवत, नवा दांडा बसवलेली हातोडी. स्क्रू ड्रायव्हर उंचीने रांगेत उभे होते, चौदाच्या चौदा. उरलेले पाच कुठून पैदा केले ते बाबाच जाणोत. अर्ध्या उघड्या दारामागच्या कोपऱ्यात, खिडकीसारखी आडवी फळी टाकून, तिच्यामागे बाबा स्टुलावर बसले होते.

मालकांनी हात लांब करून तिसरा स्क्रू ड्रायव्हर काढला.

“बिल्ला?” बाबा म्हणाले.

मालकांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, “अहो बाबा, माझाच स्क्रू ड्रायव्हर आहे.”

“होता. ठेव तो जागेवर.”

मालकांनी तो ठेवला. चुकीच्या खुंटीवर ठेवला. बाबांनी डोळ्यांनीच ते दाखवलं आणि त्यांनी तो हलवला. मग बाबांनी स्टुलाखालून पत्र्याचा डबा काढला; तीन महिन्यांत तो उघडलेला कुणी पाहिला नव्हता. झाकण करकरलं. आत बिल्ले होते, घासून चकचकीत केलेले. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात जायचे ते बाबांनी मागून घेतले होते. त्यांनी एक निवडला, पुसला आणि फळीवरून सरकवला. त्यावर दोनचा आकडा कोरलेला होता.

“दोन?” मालक म्हणाले.

“एक नंबर सूनबाईला दिला. ती काल दुपारी चहा द्यायला आली तेव्हा दारावर टकटक करून, विचारून आली.”

मालकांनी बिल्ला हातात घेतला. थोडा जड होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून पुन्हा फळीवर ठेवला, रीतीप्रमाणे, आणि म्हणाले, “तीन नंबरचा स्क्रू ड्रायव्हर द्या. खुर्चीचा स्क्रू बसवायचाय.”

बाबांनी बिल्ल्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते. मग त्यांनी बिल्ला बोटाने परत मालकांकडे सरकवला.

“आज रविवार आहे,” बाबा म्हणाले. “रविवारी टूलरूम बंद. उद्या सकाळी नऊला ये.”

मालक तसेच उभे राहिले. उद्या, एवढा एकच शब्द त्यांना ऐकू आला होता. टॅक्सीचं विचारावं असं एकदा ओठांवर आलं, पण त्यांनी ते गिळलं. बाबा डब्याचं झाकण लावत होते आणि त्यांना खिडकीशी झालेली गर्दी आवडत नव्हती.

मालक बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात ढिला स्क्रू होता आणि दुसऱ्यात बिल्ला. बायकोने विचारलं, मिळाला का स्क्रू ड्रायव्हर?

“नाही म्हणाले,” मालक म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, तो पुसला, आणि डोळेही पुसून घेतले. “परवानगी नाही म्हणाले.”